आधी पाण्याची वाट, मग माणसाची करणी

यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या मॅडमनी विचारलं आहे: सातवीला मानवी कृतींचा पाणलोट क्षेत्रावर (ज्या भागातलं पाणी एकाच नाल्याला किंवा नदीला मिळतं त्या भागावर) होणारा परिणाम शिकवायचा आहे. मुलं ‘झाडं तोडली की पाऊस कमी होतो, प्लास्टिक टाकलं की प्रदूषण होतं’ एवढं पाठ म्हणतात आणि थांबतात. गावाजवळ मोठी नदी नाही, प्रयोगशाळा नाही, एक नाला आहे, तोही दिवाळीनंतर कोरडा. कसं शिकवू?

मॅडम, तो एक नाला पुरेसा आहे. मी आधी पाणलोट विकासाच्या कामात होतो आणि नंतरची बरीच वर्षं शाळांबरोबर हेच करत आलो, त्या अनुभवावरून सांगतो. मुलं परिणामांपाशी येण्याच्या आधीच अडलेली असतात. आपल्या वावरातलं पाणी कोणत्या धुऱ्यावरून (बांधावरून) कुठे उतरतं हे त्यांनी रोज पाहिलेलं असतं, पण ते एकमेकांना जोडलेलं नसतं. त्यांच्या लेखी पाणलोट म्हणजे जेसीबीने केलेलं काहीतरी सरकारी काम. मग वरच्या बरडावर (खडकाळ माळावर) कोणी मुरूम खणला तर खालच्या विहिरीला त्याचं काय, हे त्यांना कुठून कळावं? म्हणून पहिले दोन-तीन तास माणसाने काय बिघडवलं याचा विषयच काढू नका. फक्त पाण्याची वाट दाखवा.

शिवारफेरी खालून वर काढा. नाल्यावरच्या रपट्यापाशी (ठेंगण्या पुलापाशी) उभं राहून एकच प्रश्न विचारायचा, ‘इथलं पाणी कुठून आलं?’ मुलं बोट दाखवतील तिकडे चालायचं. प्रत्येक धुऱ्याशी, प्रत्येक लवणाशी (सखल ओघळाशी) पुन्हा तोच प्रश्न. असं करत करत तुम्ही अशा ठिकाणी पोचाल, जिथून पुढचा उतार पलीकडच्या गावाकडे जातो. तिथे चुन्याची फक्की टाका. मुलांना त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना उभं करा आणि मधोमध बाटलीतलं पाणी ओता. एवढं केलं की पाणलोटाची हद्द म्हणजे काय, याची व्याख्या सांगावी लागत नाही.

तुमच्या भागात वरच्या अंगाला बहुधा कोलाम पोड (कोलाम आदिवासींच्या वस्त्या) असतात. त्या पोडांवरची मुलं वर्गात मागे बसतात आणि कमी बोलतात, पण झरे कुठे आहेत, कोणता किती दिवस टिकतो, पाणी पहिल्यांदा कुठे फुटतं हे त्यांना इतरांपेक्षा चांगलं ठाऊक असतं. फेरीची वाट त्यांना दाखवू द्या. नाल्याचा उगम ज्यांच्या अंगणात आहे त्यांनीच पुढे चालावं, यात मला शिकवण्याइतकंच न्यायाचंही काही दिसतं.

परत आल्यावर नकाशा. तलाठ्याकडून गाव नकाशाची प्रत मिळते, त्यावर गट नंबर असतात. मुलांनी त्यावर वावरांची चालू नावं लिहायची: आंब्याचं, बरडाचं, नाल्याकाठचं. मग निळ्या पेन्सिलीने पाण्याची वाट आणि लाल पेन्सिलीने माथ्याची रेषा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे मोठ्या चित्रासाठी चांगले आहेत, पण त्यांत दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये) उंचीचं साधारण २० मीटरचं अंतर असतं. गावातल्या छोट्या लवणाची हद्द त्यावर दिसत नाही. ती पायीच शोधावी लागते.

मोठं चित्रही एकदा दाखवाच, कारण विदर्भाइतकी सोय फार थोड्या ठिकाणी आहे. वाशीम जिल्ह्यात एका अंगाला पडलेला पाऊस काटेपूर्णेतून उत्तरेला अकोल्याकडे जातो, पूर्णेला मिळतो, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. त्याच जिल्ह्यात दुसऱ्या अंगाला पडलेला पाऊस अडाणसारख्या नद्यांतून पैनगंगेत, पैनगंगेतून वर्धेत, वर्धा-वैनगंगा एकत्र होऊन प्राणहितेत, तिथून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. एका जिल्ह्याचं पाणी दोन समुद्रांना. यातून आणखी एक गैरसमज निघतो. भिंतीवरच्या नकाशात दक्षिण खाली असते, म्हणून नद्या खाली म्हणजे दक्षिणेलाच वाहतात असं बऱ्याच मुलांना वाटतं. उत्तरेला जाणारी काटेपूर्णा दाखवली की तो सुटतो. तुमच्या नाल्याचं पाणी पैनगंगेच्या वाटेने जातं, तेवढी साखळी मुलांना तोंडपाठ असू द्या, कारण पुढे ‘खाली कोण आहे’ हा प्रश्न सतत यायचा आहे.

आता माणसाची करणी. पुस्तकात दहा-बारा कृतींची यादी असते: जंगलतोड, खाणी, धरणं, कारखाने, सांडपाणी. सगळ्या घेतल्या तर एकही नीट होत नाही. तुमच्या गावाच्या दृष्टीने मी चारच घेईन: वावरातली मशागत, वरची ई-क्लास जमीन (गावची सरकारी चराईची जमीन), बोअर आणि फवारणी. सगळ्यांत जास्त वेळ पहिलीला द्या, कारण तिथे मुलांना स्वतः मोजता येतं.

जुलैच्या पावसात उतारावरून वाहणारं पाणी तीन ठिकाणांहून भरून घ्या: गवत असलेल्या ई-क्लासच्या उतारावरून, उताराच्या दिशेने तास (पेरणीच्या ओळी) असलेल्या सोयाबीनच्या वावरातून आणि आडवी पेरणी केलेल्या वावरातून. पाण्याच्या सारख्या पारदर्शक बाटल्या घ्यायच्या आणि खिडकीत रांगेने ठेवायच्या. इथे आपल्या काळ्या मातीचा एक गुण लक्षात ठेवा. तिचे कण इतके बारीक असतात की पाणी दोन-दोन दिवस गढूळच राहतं आणि मुलांचा उत्साह निघून जातो. चिमूटभर तुरटी घालून हलवा, रात्रीतून माती खाली बसते. सकाळी पट्टीने थर मोजा. गवताच्या बाटलीत तळाला जेमतेम रेघ आणि उताराच्या तासाच्या बाटलीत जाड थर दिसला, की वर्गात एकदम बोलणं सुरू होतं. एका शाळेत एक मुलगी बाटली हातात धरून म्हणाली, ‘सर, हे तं आमचंच वावर होय.’ तिला कोणीही काही समजावलं नव्हतं.

त्यावर गणित करा. एका लिटरमधली माती किराणा दुकानाच्या काट्यावर नीट मोजता येत नाही, म्हणून त्याच जागेचं पाच लिटर पाणी घ्या, माती बसू द्या, वरचं पाणी ओतून द्या, खालचा गाळ ताटात पसरून उन्हात वाळवा आणि मग तोला. समजा २५ ग्रॅम निघाली, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम. एक एकर म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटर, आणि एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. एका पावसात १० मिलिमीटर पाणी वाहून गेलं तर ४०,००० लिटर गेलं, त्याबरोबर २०० किलो माती. डीएपी खताची पन्नास किलोची चार पोती भरतील एवढी, आणि तीही वरची, खत टाकलेली. सातवीच्या मुलाला हे गुणाकार येतात. पोत्याची किंमत त्याला घरातून ठाऊक असते.

पाऊस किती पडला हेही मुलांनीच मोजावं. सरळ कडांची बाटली वरून कापायची, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा, तळ सपाट नसेल तर आधी थोडं पाणी भरून तिथून शून्य धरायचं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, हे मुलांनी पंचनाम्याच्या निमित्ताने घरी ऐकलेलं असतं. आपल्या बाटलीत तो आकडा पाहण्याची त्यांना मोठी उत्सुकता असते.

पुढचा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात: मग सगळे आडवं का पेरत नाहीत? याचं उत्तर तुम्ही देऊ नका. घरी विचारून यायला सांगा. उत्तरं फार खरी येतात. वाटण्या होऊन वावराच्या उतारालाच लांब पट्ट्या झाल्या, आडवं वळायला जागा नाही. ट्रॅक्टरवाला लांब तासच मागतो. मजूर मिळत नाही म्हणून निंदण गेलं, डवरणी (ओळींमधली कोळपणी) कमी झाली, तणनाशक आलं, आणि त्याच पंपाने धुऱ्यावरचं गवतही जाळलं जातं, म्हणून धुरा पावसात ढासळतो. मानवी कृती म्हणतात ती ही. तिच्यामागे मजुरी आहे, वाटणी आहे, कर्ज आहे. ‘शेतकरी अज्ञानी असतात’ असं वाक्य एकाही वहीत येता कामा नये.

यानंतर ए-फ्रेम, म्हणजे समपातळी शोधायची इंग्रजी A च्या आकाराची चौकट, करून घ्या. मला विचाराल तर सगळ्या उपक्रमांत हा एक कधीही गाळू नये. सारख्या लांबीचे दोन बांबू वर एकत्र बांधायचे, मध्ये आडवी काठी, आणि वरच्या गाठीतून सुतळीला दगड टांगायचा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून सुतळी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करायची. मग पायांची अदलाबदल करून त्याच दोन जागी टेकवायचं आणि दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये समपातळीची खूण. आता एक पाय जागेवर ठेवून दुसरा वर-खाली सरकवत सुतळी मधल्या खुणेवर आणायची, तिथे फक्की टाकायची आणि पुढे जायचं. शाळेजवळच्या वावरात अशी तीस-चाळीस पावलं चालली की फक्कीची वळणदार रेषा उमटते, आणि त्या रेषेला छेदून जाणारे तास मुलांना दिसतात. समोच्च रेषा हा पुस्तकातला सगळ्यांत रुक्ष वाटणारा भाग, तो असा पायाखाली येतो. सलग समतल चर खणताना हेच करतात, हेही सांगा. गावात एखादे काका या कामावर गेलेले असतातच, त्यांना वर्गात बोलवा.

दुसरी गोष्ट ई-क्लासची. वर चराई, सरपण, अतिक्रमण आणि मुरूम हे चारही चालू असतात. तिथे पाणी मुरण्याचं माप घ्या. दोन्ही बाजूंनी कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत दोन बोटं रुतवायचा, एक लिटर पाणी ओतायचं आणि घड्याळ लावायचं. झाडाखाली, गवतात, ढोरं बसतात त्या जागी आणि पांदण रस्त्यावर असं चार ठिकाणी. फरक मोठा येतो. एक काळजी घ्या: भारी काळ्या जमिनीत उन्हाळ्यात हे केलंत तर भेगांतून पाणी झटकन जाईल आणि मुलं उलटाच निष्कर्ष काढतील. तीच जमीन ओली झाली की फुगते आणि भेगा मिटतात. म्हणून प्रयोग ऑगस्टमध्ये करा. मे महिन्यातही एकदा करून दोन्ही आकडे शेजारी लिहिलेत तर जमिनीचा स्वभावही शिकवून होतो.

याच ठिकाणी ‘माथा ते पायथा’ हे तत्त्व समजावून द्या. वरची जमीन उघडी ठेवून खाली नुसतं नाला खोलीकरण केलं, बंधारा बांधला, तर वरची माती येऊन बंधारा गाळाने भरतो. तुमच्या गावात एक तरी सिमेंट बंधारा असा असेल. तिथे काठी खुपसून गाळाची खोली मोजा. माणसाने केलेलं चांगलं कामसुद्धा चुकीच्या क्रमाने केलं तर निम्मं वाया जातं, हे मुलांना दिसलं पाहिजे. विहिरीला पाणी टिकलं, रब्बीचा हरभरा झाला, हाही मानवी कृतीचाच परिणाम आहे. सगळा धडा नासधुशीचा केलात तर मुलं हताश होतात, आणि तो खराही राहत नाही.

बोअर जरा कठीण आहे, कारण तो दिसत नाही. जमिनीखाली नद्या वाहतात असं मुलांना वाटतं, मोठ्यांनाही वाटतं. आपल्याकडचा खडक काळा पाषाण. वरचा झिजलेला, मुरमाड थर पाणी धरतो आणि साध्या विहिरी त्यावर चालतात. खालच्या अखंड कातळात पाणी असतं ते फटींमध्ये, आणि तिथवर ते फार हळू पोचतं. दहा जणांनी खोल बोअर घेतले की एकाच साठ्याला दहा नळ लागतात. वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात बोअर खोल खोल जात राहिले आणि तो भाग अतिशोषित (मुरतं त्याहून जास्त पाणी उपसलेला) म्हणून नोंदला गेला. बागायतदारांचा तो हौसेचा खेळ नव्हता, झाडं वाचवण्याची धडपड होती, हेही त्याच दमात सांगा. गावातल्या एका विहिरीची पाणीपातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार वेळा दोरीने मोजा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरीही साधारण याच महिन्यांत मोजल्या जातात. पण दोरी मोठ्या माणसाने सोडायची. कठडा नसलेल्या विहिरीजवळ एकही मूल जाता कामा नये.

फवारणीबद्दल यवतमाळच्या मुलांशी जपून बोला. २०१७ च्या खरिपात या जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसेक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. तुमच्या वर्गातल्या कोणाच्या घराला ती झळ लागलेली असू शकते. एवढंच दाखवा, की पंप नाल्यात धुतला, रिकामा डबा काठावर टाकला, तर पुढच्या पावसात ते कोणाच्या विहिरीशी पोचतं. त्यासाठी चुरगळलेल्या कागदाचा नमुना सोपा आहे. जाड कागद चुरगळून अर्धवट उलगडायचा, उंचवटे म्हणजे माथे. एका ‘वावरात’ चिमूटभर कपड्याची नीळ, दुसरीकडे हळद ठेवायची आणि वरून झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीने पाऊस पाडायचा. रंग खाली एकत्र होतात आणि कोणता कोणाचा ते सांगता येत नाही. या कामाला घरचा फवारणीचा पंप कधीही वापरू नका, कितीही धुतलेला असला तरी.

हे उत्तर इतर जिल्ह्यांतले शिक्षकही वाचतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. भंडारा-गोंदियाकडे असाल तर मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारी पद्धतीतले तलाव) घ्या. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या हातांनी उभे राहिलेले हे हजारो तलाव म्हणजे पाणलोट ओळखून केलेली मानवी कृती. १९५० नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, गावाचा हात सुटला, गाळ आणि बेशरमाची झुडपं वाढली. पवनीकडच्या मुलांना नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत, तिथून वैनगंगेत आणि गोसेखुर्दच्या जलाशयात कसं येतं ते नकाशावर बोटाने गिरवू द्या. वणी, भद्रावती, राजुऱ्याकडे उघड्या खाणींच्या मातीचे डोंगर आहेत. नाला त्यांना वळसा घालून कसा गेला हे उपग्रहाच्या चित्रात दिसतं. अकोला, दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात मात्र एक गोष्ट स्पष्ट करा. तिथलं भूजल खारं आहे ते मुळात भूगर्भामुळे, कोणी बिघडवलं म्हणून नव्हे. कशाला माणूस जबाबदार आहे आणि कशाला नाही, हे वेगळं करता येणं हाही याच धड्याचा भाग.

वर्गातली एक नाजूक बाजू राहिली. कोणाचे वडील रेतीच्या ट्रॅक्टरवर असतात, कोणाचं वावर ई-क्लासवरच्या अतिक्रमणातलं असतं. नकाशावर बोट ठेवून ‘हे कोणी केलं’ असं विचारलंत की ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही. ‘याच्या वर काय आहे, याच्या खाली कोण आहे’ असंच विचारा. प्रत्येक मुलाला एकदा वरचा आणि एकदा खालचा करा. पोडावरचा मुलगा गावाच्या वर असतो, गाव पुढच्या गावाच्या वर असतं. आपल्याकडे येणाऱ्या पाण्याची तक्रार सगळेच करतात. आपल्याकडून जाणारं पाणी कसं आहे, हे विचारायला शिकवणं हाच माझ्या मते या विषयाचा गाभा आहे.

पावसातल्या कामाचा एक नियम अजिबात मोडायचा नाही. वीज कडाडत असेल तर वर्गाबाहेर पडायचं नाही, आणि वाहत्या नाल्यात कोणी उतरायचं नाही. बाटल्या उतारावर भरायच्या, प्रवाहात नव्हे.

परीक्षेत व्याख्या विचारू नका. न पाहिलेल्या गावाचा साधा नकाशा फळ्यावर काढा: वर बरड, त्याखाली वावरं, मग बंधारा, दोन विहिरी, आणि त्याच नाल्यावर खालचं गाव. प्रश्न असा: बरडावर यंदा मुरमाची खाण सुरू झाली. येत्या पावसाळ्यात कोणाकडे काय बदलेल? पाच वर्षांनी काय बदललेलं असेल? खाण बंद न करता काय करता येईल? उत्तरात तीन गोष्टी पाहा: पाण्याचं प्रमाण आणि पाण्याचा दर्जा या दोन्हींचा विचार केला आहे का, लगेचचा आणि उशिराचा परिणाम वेगळा केला आहे का, आणि प्रत्येक परिणाम नकाशावरच्या एखाद्या वाटेने जोडला आहे का. भाषा वऱ्हाडी असली तरी पूर्ण गुण द्या. ‘वरची माती बंधाऱ्यात येईन, मंग विहिरीले पाणी पुरन नाही’ हे सातवीसाठी उत्तम उत्तर आहे.